दहावी गाळणी

ट्रकच्या मागच्या फळीवर ‘या वाहनाचा धूर गाळलेला आहे’ असा हिरवा बिल्ला दिसला की मी मान वळवतो. वळवली तरी तोंडात कडवट चव राहते ती राहतेच. गॅरेजवर येणारे म्हणतात, मल्हारअण्णा, पित्त झालंय तुम्हाला, सोडा प्या. पित्त कसलं डोंबलाचं! तसल्या नऊ बिल्ल्यांच्या खाली काय आहे ते मला माहीत आहे, एवढाच माझा आजार. काही नाही तिथं. रिकामा पत्रा. आणि तो रिकामा मी केलाय, पान्यानं बोल्ट सोडून, भर दिवसा, मधे चहा पीत.

मी मूळचा निपाणीकडचा. येलहंक्यात जुन्या गावाच्या बाहेर, रेल्वे गेटाजवळ माझं गॅरेज आहे. ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. तेव्हा मारतहळ्ळीकडं, सर्जापूर रोडकडं इमारती उठायला लागल्या होत्या आणि विटा, खडी, वाळू ओढणारे जुने ट्रक सगळे माझ्याच दारावरून जायचे. पंधरा-पंधरा, अठरा-अठरा वर्षांच्या गाड्या. चढावर गिअर टाकला की मागचा स्कूटरवाला धुरात दिसेनासा व्हायचा. लोक नाकाला रुमाल लावून शिव्या घालायचे, आणि आमचे ड्रायव्हर आरशात बघून हसायचे. हसायचे, हे मी स्वतः पाहिलंय.

त्या उन्हाळ्यात अभिजीत आला. पुण्याचा पोरगा, सव्वीस-सत्तावीसचा, इंजिनिअर, इथल्या एका कंपनीत लागलेला. मी मराठी बोलतोय म्हटल्यावर जीव भांड्यात पडला त्याचा. त्यानं आणलं होतं ते एक लोखंडी पिंप, सायलेन्सरच्या जागी बसवायचं. आत पांढऱ्या भाजक्या मातीचा गाभा, बारीक बारीक भोकांचा. धूर त्यातून जायचा, काजळी आत अडकायची, बाहेर नुसती गरम हवा. आम्ही त्याला गाळणीच म्हणायला लागलो.

कंपनीला दहा जुन्या ट्रकवर सहा महिने गाळणी लावून बघायची होती. लावून घेणाऱ्याला फुकट गाळणी, हिरवा बिल्ला आणि दोन वर्षं धुराचा दाखला फुकट. बिल्ला बघितला की रस्त्यात कोणी धुरासाठी अडवणार नाही, अशी सोय कंपनीनं करून ठेवलेली. आणि कागदावर छापून दिलं होतं, गाळणीमुळं इंजिनाला काही झालं तर दुरुस्ती कंपनीची. बदल्यात मालकानं एवढंच करायचं, गाळणी काढायची नाही आणि दर पंधरा दिवसांनी साफ करून घ्यायची.

साफ करायचं काम माझ्याकडं दिलं. विजेवरची एक छोटी भट्टी दिली, गाभा तीत भाजायचा म्हणजे काजळी जळून जाते. एक तराजू दिला, भाजायच्या आधी आणि नंतर वजन करायचं, किती काजळी धरली ते वहीत लिहायचं. शिशाचं सील मारायची पक्कडसुद्धा माझ्याच हातात दिली. गाळणी उघडली की परत सील मारायचं, म्हणजे मधे कोणी उघडली नाही हे कळावं. अभिजीत म्हणाला, “मल्हारभाऊ, तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे.” मी म्हटलं, “बिनघोर राहा साहेब.” आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

तिसऱ्या आठवड्यात रत्नाकर आला. रत्नाकर म्हणजे इथल्या जुन्या मराठ्यांतला, चार पिढ्या बेंगळूरमध्ये गेलेल्या, मराठी बोलतो त्यात अर्धी कन्नड. त्याचे तीन ट्रक या योजनेत होते, आणि तो बोलला की बाकीचे माना डोलावणार.

“मल्हारअण्णा, गाडी ओढेना,” तो म्हणाला. “हेब्बाळच्या चढाला नुसती रडती. ते आतलं काढून टाका.”

“कागदावर सही केलीयस की रे.”

“सही केली तर काय झालं? पिंप राहू दे बाहेर. आतलं तेवढं काढा. सुम्ने, उगाच डोक्याला ताप कशाला? सील तुमच्याच हातात, वही तुमच्याच हातात. कोण बघायला येतंय?”

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हटलं नाही. गाळणीनं गाडीची ओढ जरा कमी होते हे खरंच होतं. कंपनीनंही सांगितलं होतं, स्वल्प कमी होईल म्हणून. पण तेवढ्यानं कोणाची गाडी चढावर थांबली नव्हती. खरं म्हणजे रत्नाकर माझं जुनं गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते. मी आठ बोल्ट सोडले, गाभा बाहेर ओढला, पिंप परत बसवलं आणि वर सील मारलं. वीस मिनिटांचं काम. त्यानं हातावर ठेवलं ते मी घेतलं.

मग काय, आठवडाभरात नऊ. एकाचं बघून दुसरा. नऊ गाभे मागच्या शेडमध्ये फाटक्या ताडपत्रीखाली टाकले. कंपनी मला साफ करायचे देत होती आणि मालक मला काढून टाकायचे देत होते. एकाच गाळणीवर मी दोन्हीकडून खात होतो, शी! कुत्रंसुद्धा दोन दारांत शेपूट हलवताना जरा इकडंतिकडं बघतं, मी तेवढंही केलं नाही.

आणि वही? रिकाम्या पिंपात काजळी कुठून येणार! पण काहीतरी लिहायला तर पाहिजे. मी बसल्या बसल्या आकडे टाकायचो. थोडे थोडे. कमी आकडा म्हणजे गाळणी लवकर भरत नाही, म्हणून अभिजीत खूश व्हायचा, मग आणखी कमी. महिन्यातून एकदा तो धूर मोजायचं यंत्र घेऊन यायचा. त्या दिवशी सकाळी मी नऊही गाड्यांच्या डिझेल पंपाचा स्क्रू मागं फिरवून ठेवायचो. डिझेल कमी गेलं की धूर कमी. गाडीत ओढायला दम नाही, पण उभ्या जागी कशी गरीब गाय. तो मोजायचा, ‘उत्तम’ लिहायचा, चहा घेऊन जायचा. संध्याकाळी मी स्क्रू परत पुढं फिरवायचो, आणि दुसऱ्या दिवशी नऊ हिरवे बिल्ले काळा धूर ओकत गावभर हिंडायचे. यात कोणाला काही वाटायचं नाही. इकडं सगळ्याच गॅरेजांत तपासणीच्या आधी स्क्रू मागं आणि नंतर पुढं, ही रीतच होती. देवळात जाताना चप्पल काढावी तशी.

दहावा परसू. परसू माझ्याच भागातला, चिकोडीजवळचा. एकच ट्रक, तोसुद्धा एकोणीसशे ब्याऐंशीचा, आणि चालवणारा तो एकटाच. विटा ओढायचा. त्याला मी आपण होऊन बोलावलं.

म्हटलं, “परसू, सगळ्यांनी काढून घेतली. तू मागं कशाला राहतोस?”

“नको अण्णा. मी हो म्हटलंय त्यांना.”

“अरे, चढाला त्रास होतोय ना?”

“होतोय की. मग दोनशे विटा कमी भरतो.” मग तो मला हाताला धरून ट्रकच्या मागं घेऊन गेला. इंजिन चालू होतं. पाइपात बोट फिरवून त्यानं मला दाखवलं. बोटावर काजळी नाही. “बघा की! सोळा वर्षं गाडी चालवतोय, असं कधी झालं नव्हतं. घरात गंगव्वा म्हणती, तुमच्या शर्टाला आता धुराचा वास येत नाही.”

मला राग आला, खरं सांगतो. स्वतः काळा झालेल्या माणसाला दुसऱ्याचं स्वच्छ बोट बघवत नाही. रत्नाकर आणि बाकीचे तर त्याला ‘गुरुजी’ म्हणायला लागले. “आले बघा गुरुजी, दोनशे विटा कमी घेऊन,” असं म्हणून बाकावर बसून खिदळायचे. परसू पण हसायचा. दर पंधरा दिवसांनी न चुकता गाडी लावायचा, मी त्याची गाळणी उघडायचो, गाभा भाजायचो, वजन करायचो. त्याचा आकडा खरा. वहीत नऊ आकडे बारीकसे आणि त्याचा एक त्यांच्या पाचपट. अभिजीतनं विचारलं तेव्हा मी काय सांगितलं? “गाडी लई जुनी आहे साहेब, धूरच जास्त करती.” म्हणजे ज्याची गाळणी काम करत होती, त्याचीच गाडी मी खराब ठरवली.

चौथ्या महिन्यात कंपनीनं भट्टी परत नेली. एवढी कमी काजळी धरते तर पंधरा दिवसांनी साफ करायची गरजच काय? नवीन कार्ड छापून आलं, तीन महिन्यांनी एकदा साफ करा, कंपनीच्या शेडमध्ये आणून द्या. सगळ्या मालकांना वाटून टाकलं.

परसू कार्ड घेऊन माझ्याकडं आला. दुपारची वेळ. बाकावर रत्नाकर बसला होता, त्याच्याबरोबर आणखी दोघं.

“अण्णा,” परसू म्हणाला, “पंधरा दिवसांचं तीन महिने केलंय यांनी. चालंल का? तुम्ही तर दर वेळी किती काढता माझ्यातनं.”

हा प्रश्न त्यानं मला विचारला, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. मला उत्तर माहीत होतं. तीन महिन्यांत ती गाळणी दगड होणार, धूर बाहेर पडायला वाट राहणार नाही, इंजिन आतल्या आत कोंडून मरणार. ‘नाही चालणार, तू पंधरा दिवसांनीच माझ्याकडं ये, मी कसं तरी करून साफ करून देतो,’ एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर मग त्यानं विचारलं असतं, बाकीच्यांचं कसं चालतंय? रत्नाकर चहाची बशी तोंडाशी धरून माझ्याकडं बघत होता.

मी म्हटलं, “कंपनी सांगती तर चालंल की. त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.”

“सरी अण्णा, बरं,” म्हणाला तो, आणि कार्ड घडी करून खिशात ठेवलं.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात परसूची गाडी हेब्बाळच्या चढावर बसली. भरलेल्या विटांसकट. दुसऱ्या ट्रकला दोर लावून ओढून आणली माझ्या दारात. परसू उतरला तो घामानं निथळत होता. मला बघून त्यानं पहिलं काय म्हणावं? “अजून एकोणीस दिवस होते की अण्णा. कार्डावर बघा. एकोणीस दिवस बाकी होते.” दोन आठवडे गाडी तापत होती म्हणे. पण कार्डावरची तारीख अजून आली नव्हती, म्हणून तो थांबला होता.

मी इंजिन खोललं. हेडला तडा. सहातले दोन पिस्टन लायनरमध्ये चिकटून बसलेले, बाकीचे ओरबाडलेले. अर्धं इंजिन नवीन घातल्याशिवाय गाडी चालणार नव्हती, आणि ते परसूच्या ऐपतीबाहेरचं होतं. गाळणी खाली घेतली तर दोघांना उचलावी लागली. गाभ्यात तार घालून बघितली, एक इंचसुद्धा आत गेली नाही. काळा ठोकळा नुसता.

परसू मात्र अजिबात घाबरला नव्हता. त्याच्याकडं कंपनीचा कागद होता, इंजिनाला काही झालं तर दुरुस्ती आमची असं छापलेला. त्यानं तो माझ्यासमोर वाचून दाखवला. “आठवड्याभरात करून देतील ना अण्णा?” मी म्हटलं, देतील.

अभिजीत आला, बघून गेला, आणि तीन दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. दहापैकी नऊ गाड्यांत गाळणीनं एकही तक्रार नाही. नऊ गाड्यांची काजळी, धूर, सगळं उत्तम. सबब दोष गाळणीचा नसून इंजिन जुनं आणि देखभाल कमी. कंपनी जबाबदार नाही. परसूनं पत्र दोनदा वाचलं, मग मला विचारलं, “सबब म्हणजे?”

“म्हणजे देत नाहीत,” मी म्हटलं.

त्यानंतर त्याची बायको गंगव्वा रोज यायला लागली. सकाळी त्याच्यासाठी भाकरी घेऊन यायची, कारण परसू गाडी सोडून घरी जाईना, केबिनमध्येच बसून असायचा. मला रोज एकच विचारायची, “अण्णा, आज काय कळलं?” आवाज चढवून नाही, रडून नाही. त्यापेक्षा तिनं माझ्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. विटांच्या भट्टीवाल्यानं दुसरी गाडी लावली होती. महिनाभरात गाडी रस्त्यावर आली नाही तर भंगारात घालायची आणि गावाकडं परत जायचं, असं त्यांचं ठरलं होतं.

शेवटी मी नऊ गाड्यांच्या मालकांना बोलावलं. म्हटलं, “आपण सगळे जाऊन सांगू या, आम्ही गाळण्या काढल्या होत्या म्हणून. आपल्या गाड्या ठणठणीत आहेत त्या गाळणी नाही म्हणून. असं कळलं की परसूला इंजिन द्यावंच लागेल त्यांना.”

मग रत्नाकर म्हणाला, “आणि आमचे बिल्ले? दाखले? ते काढून घेतले तर तुम्ही देणार काय?”

“अरे, माणूस बुडतोय तिकडं!”

“म्हणून आम्ही सगळ्यांनी बुडायचं काय? असं करू, वर्गणी काढू. प्रत्येकी काहीतरी देऊ त्याला. माणुसकी म्हणून.” आणि त्या माणसानं खरंच खिशातनं नोट काढून बाकावर ठेवली. मग दुसऱ्यानं ठेवली. तिसऱ्यानं विचारलं, “वहीत नाव लिहिणार ना, कोणी किती दिले ते?” आयला, माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! मी नोटा उचलल्या आणि रत्नाकरच्या शर्टाच्या खिशात कोंबल्या, बटणं तुटली त्याची. “चालते व्हा,” म्हटलं, “आणि पुढच्या वेळी पंपाचा स्क्रू फिरवायला दुसरा गाढव शोधा.” गेले. पण जाता जाता रत्नाकर वळून म्हणाला, “काढल्या कोणी, मल्हारअण्णा?” त्याचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मी ताडपत्री उचलली, नऊ गाभे दोन गोणपाटांत भरले आणि रिक्षात घालून कंपनीत गेलो. अभिजीतच्या टेबलावर एकेक करून मांडले. अजून अर्धेमुर्धे पांढरेच होते, तीन-चार आठवड्यांवर वापरलेच कुठं होते! म्हटलं, “साहेब, हे तुमचं उत्तम काम. नऊही मीच काढलेत. वही खोटी, आकडे खोटे, सील खोटं. एकट्या परसूनं ठेवली होती. लिहून घ्या आणि त्याचं इंजिन द्या. माझं काय करायचं ते करा.”

मला वाटलं पोरगा ओरडेल. शिव्या देईल. त्यानं उठून दार लावलं, परत येऊन बसला.

“मल्हारभाऊ, मला माहीत होतं.”

“काय?”

“दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं. रत्नाकरचा एक ट्रक तीन आठवडे अपघात होऊन उभा होता, आणि तुमच्या वहीत त्याची काजळी लिहिलेली होती. शिवाय पिंपावर नुसती टिचकी मारली तरी आत काही आहे की नाही ते समजतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? वरच्यांना चांगला डेटा हवा होता. गाड्यांत गाळणीच नाही, असा रिपोर्ट दिला असता तर प्रोजेक्टच बंद. आणि तीन महिन्यांनी साफ केली तरी चालते, असं लिहिलं की गाळणी विकली जाते. आता मोठी ऑर्डर येतेय.”

माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. मी विचारलं, “म्हणजे तीन महिन्यांत परसूची कोंडणार, हे तुम्हाला माहीत होतं?”

त्यानं टेबलावरचा एक गाभा जरा बाजूला सारला. मग म्हणाला, “खरं सांगू? मला वाटलं, त्यानंही काढलीच असेल. वहीत त्याचे आकडे जास्त होते, तर मला वाटलं तुम्ही विविधता यावी म्हणून टाकलेत. कोणी खरंच ठेवेल असं वाटलंच नाही मला.”

त्या पोराची मला त्या क्षणी जितकी किळस आली तितकी कोणाची आली नसेल. आणि त्यात राग येण्यासारखं काय होतं? मीही परसूला मूर्खच समजलो होतो की.

मग त्यानं ड्रॉवरमधनं एक टाइप केलेला कागद काढला. आधीच तयार होता. कंपनी परसूला इंजिनाचं सगळं सामान द्यायला तयार होती, मदत म्हणून. फक्त परसूनं लिहून द्यायचं, की आपण तिसऱ्या महिन्यात गाळणीचा गाभा काढून टाकला होता. म्हणजे त्याची गाडी हिशेबातूनच बाद. उरल्या नऊ, नऊही उत्तम. खाली साक्षीदार म्हणून माझी सही, की गाभा मीच काढून दिला.

“नऊ काढले त्याचा कागद नाही,” मी म्हटलं, “आणि जो काढला नाही त्याचा कागद?”

“तुम्हाला इंजिन हवंय ना?”

हवं होतं. केबिनमध्ये बसलेला परसू मला दिसत होता, भाकरीचं फडकं घेऊन उभी असलेली गंगव्वा दिसत होती. मी थुंकलो नाही, गाभे फोडले नाहीत, काही केलं नाही. कागद खिशात घातला आणि बसनं परत आलो.

परसूला मी सगळं सांगितलं. नऊ गाळण्या, वही, कार्डाच्या दिवशी मी दिलेलं उत्तर, सगळं. काही मागं ठेवलं नाही. तो ऐकत होता. मला वाटलं आता उठेल आणि पाना घालेल डोक्यात. मी वाटच बघत होतो त्याची.

“त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं, अण्णा?” एवढंच विचारलं त्यानं.

“होतं.”

मग त्यानं कागद उलटसुलट करून बघितला. “पण मी काढली नव्हती,” म्हणाला. दोनदा म्हणाला. “मी काढली नव्हती की.” गंगव्वा जवळ उभी होती. ती म्हणाली, “करा सही. गाडी नाही तर काय खायचं? तुम्ही काढली नव्हती हे मला माहीत आहे, बास झालं.” परसूनं सही केली. त्याच्याखाली मी केली.

सामान आठ दिवसांत आलं. मी दुसरं कुठलंही काम हातात घेतलं नाही. दहा दिवस त्या इंजिनाच्या मागं लागलो. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. आणि माझ्या मनानं आणखी एक घेतलं होतं. परसूचा तो काळा गाभा मी वीटभट्टीवर नेला, भट्टीवाल्याच्या हातापाया पडून विटांबरोबर भाजून आणला. पांढरा होऊन आला. पिंपात घातला, नवे बोल्ट आवळले, ट्रकखाली बसवला. म्हटलं, निदान या एका माणसाची गाळणी तरी आपण जिथल्या तिथं लावून द्यायची, आणि इथून पुढं दर पंधरा दिवसांनी आपणच भाजून द्यायची. तेवढंच जरा हलकं वाटेल, असा माझा हिशेब.

गाडी चालू केली. पहिल्या किल्लीला लागली. मी परसूला हाक मारून मागं नेलं, म्हटलं, “घाल बोट. बघ, अगदी पहिल्यासारखी.”

त्यानं बोट घातलं नाही. खाली वाकून पिंपाकडं बघितलं आणि म्हणाला, “अण्णा, ही काढा.”

“अरे, साफ केलीय मी. आता काही होत नाही. मी सांभाळतो की, आयुष्यभर सांभाळतो.”

“तसं नाही अण्णा. कागदावर लिहिलंय, काढली म्हणून. माझी सही आहे खाली.” तो सरळ उभा राहिला. “सही खोटी नको राहायला.”

मी त्याला समजावलं. हात जोडले. चिडलो, ओरडलोसुद्धा, म्हटलं, ज्यांनी नऊ वेळा खोटं केलं ते झोपतात सुखानं आणि तू एका कागदासाठी एवढं? तो नुसता मान हलवत राहिला. मग स्वतःच इंजिन बंद केलं, पिंप निवेपर्यंत वाट बघितली, आणि ट्रकखाली सरपटत आत गेला.

मीही पाना घेऊन शेजारी आडवा झालो. एक, दोन, तीन, मी बोल्ट सोडत गेलो. शेवटचे दोन राहिले तेव्हा परसूनं खालून दोन्ही हात लावले आणि गाळणी छातीवर घट्ट धरली.

“सावकाश अण्णा,” तो म्हणाला, “आतला गाभा फुटंल.”